लिफ्ट किती इंचाची करू? वाचकांचे प्रश्न

प्रश्न: नमस्कार. माझी गाडी लॅडर चेसिसवाली फोर बाय फोर आहे, पुढे मागे दोन्हीकडे सॉलिड एक्सल (दोन चाकांना जोडणारा एकसंध दांडा) आणि कॉइल स्प्रिंग. दगडगोट्यांत पोट घासतं, मागचा डिफपण (एक्सलमधला गिअरचा गोळा) आपटलाय. सोबत येणाऱ्यांपैकी निम्मे म्हणतात गाडी दोन इंच लिफ्ट कर, म्हणजे स्प्रिंगा उंच करून वर उचल, निम्मे म्हणतात करायचीच तर एकदाच चार करून टाक, परत परत कोण खोलत बसणार. दोन का चार?

उत्तर: चार म्हणणाऱ्यांना आधी एक विचारा, डिफ आपटतोय त्याला लिफ्टनं काय फरक पडणार? सॉलिड एक्सलच्या गाडीत स्प्रिंग उंच केली की चेसिस आणि बॉडी वर जाते, एक्सल टायरवर उभा असतो त्यामुळे तो होता तिथंच राहतो. चार काय आठ इंच टाका, डिफचा गोळा मिलिमीटरभर हलणार नाही. तो वर येतो फक्त मोठ्या टायरनं आणि तेही वाढलेल्या व्यासाच्या निम्मंच, म्हणजे २९ इंचावरून ३१ वर गेलात तर डिफखाली १ इंच मिळाला. तेवढाच, पण खरा.

पोट घासतं त्याला मात्र लिफ्ट लागू पडते. ढोबळ हिशोब करून बघू. समजा व्हीलबेस २६०० मिमी आहे आणि दोन चाकांच्या मधोमध पोट जमिनीपासून २२० मिमीवर आहे. टायरची गोलाई सोडून दिली तर ब्रेकओव्हर अँगल, म्हणजे पोट न टेकता गाडी जेवढ्या तीव्र उंचवट्यावरून जाऊ शकते तो कोन, १९ अंशाच्या आसपास येतो. ५० मिमी लिफ्ट केलीत तर साडेतेवीस, १०० मिमी केलीत तर पावणेअठ्ठावीस. आता गंमत बघा, सुझुकी जिम्नीची जी तीन दारवाली आहे तिचा ब्रेकओव्हर कंपनीच २८ अंश सांगते, कारण व्हीलबेस २२५० मिमी. मोजायची रीत थोडी वेगळी असते हे मान्य, पण मुद्दा कळला असेल, लांब गाडी कितीही उचलली तरी ती आखूड गाडी होत नाही. लांब गाडीवाल्यांनी पहिल्यांदा चांगले रॉक स्लायडर (दारांखालचे मजबूत लोखंडी पाइप) आणि पोटाखाली स्किड प्लेट (जाड संरक्षक पत्रा) लावावी असं माझं मत आहे, मग घासलं तर घासू दे, त्यासाठीच लावलंय ते.

मग उंची ठरवायची कशी? टायरपासून उलटं या. तुम्हाला खरोखर किती मोठा टायर लागणार आहे ते ठरवा, तो साइज कुणाकडून तरी एका चाकापुरता मागून आणा आणि लावून बघा. एक पुढचं चाक दगडावर किंवा रॅम्पवर चढवा म्हणजे ते मडगार्डच्या आत पूर्ण दाबलं जाईल, आणि आता स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, कुणाला तरी बाजूला बॅटरी घेऊन बसवा आणि टायर नक्की कुठं लागतोय ते बघायला सांगा. आत चेसिसला किंवा आर्मला (एक्सलला चेसिसशी जोडणारा दांडा) लागत असेल तर तो रिमच्या ऑफसेटचा, म्हणजे चाक किती आत किंवा बाहेर बसतं त्याचा प्रश्न आहे, कितीही लिफ्ट केलीत तरी तो तसाच राहणार. बंपरच्या कोपऱ्याला किंवा मडगार्डच्या मागच्या प्लॅस्टिकला लागत असेल तर बऱ्याचदा थोडं कापून भागतं. वर कमानीच्या आत लागत असेल तेव्हा लिफ्टचा विचार, आणि तिथंही एक गोष्ट लोक विसरतात, स्प्रिंग उंच झाली तरी चाक पूर्ण दाबलं गेल्यावर जातं जुन्याच जागी, त्याला अडवतो तो बंप स्टॉप, म्हणजे चेसिसखालचा रबरी ठोकळा. मोठ्या टायरसोबत बंप स्टॉप वाढवला नाही तर सपाट रस्त्यावर सगळं झकास दिसेल आणि पहिल्याच मोठ्या खड्ड्यात टायर मडगार्ड फाडेल.

आता चार इंचाचं बिल. पैशाचं बोलत नाही, कामाचं बोलतोय. ५० मिमीपर्यंत बहुतेक कॉइलवाल्या गाड्यांना योग्य लांबीचे शॉकअप, स्प्रिंगा, कॅस्टर (स्टिअरिंगसाठी चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन) सुधारायचे बुश आणि अ‍ॅडजस्टेबल पॅनहार्ड रॉड (एक्सलला आडवं जागेवर धरणारा दांडा) एवढ्यात भागतं, काही गाड्यांना तर त्याहून कमी. १०० मिमीला गेलात की ब्रेकचे होज पाइप ताणले जातात, एबीएसच्या वायरी ताणल्या जातात, प्रोपेलर शाफ्टचा (एक्सलपर्यंत ताकद नेणारा दांडा) कोन इतका वाढतो की त्याचे क्रॉस (सांधे) लवकर जातात आणि ठराविक स्पीडला खालून घरघर सुरू होते, मग डबल जॉइंटचा शाफ्ट करा, कंट्रोल आर्म बदला, एक्सलचा कोन परत जुळवा. प्रत्येक वस्तू दुसरी वस्तू मागते.

आणि तोल. उदाहरणाला धरा, डाव्या उजव्या चाकांमधलं अंतर १४०० मिमी आणि गुरुत्वमध्य ६५० मिमी उंचीवर. कागदावर ही गाडी आडव्या उतारावर ४७ अंशाला कलंडते. ५० मिमी लिफ्टनं गुरुत्वमध्य साधारण ४५ नं वर जातो, कारण एक्सल आणि चाकं खालीच राहतात, म्हणजे ४५ अंश. १०० मिमीला ४३. दोन दोन अंशांत काय जातंय असं वाटेल, पण हा आकडा स्थिर उभ्या, न दबणाऱ्या गाडीचा आहे. प्रत्यक्षात उताराकडची स्प्रिंग दबते, बॉडी त्या बाजूला झुकते, त्यात खालचं चाक खड्ड्यात गेलं किंवा वरचं दगडावर चढलं की आणखी अंश गेले, शिवाय मोठे टायर लावले की एक्सलसकट सगळंच वर. कॅरिअरवर सामान बांधून आडव्या उतारावर गेलेल्या माणसाला विचारा हे दोन अंश पोटात कसे जाणवतात.

तर तुमच्यासाठी: टायर एक माप मोठा, ४० ते ५० मिमी लिफ्ट, बंप स्टॉप, आणि पोटाखाली प्लेट. चार इंच त्यांनी करावी ज्यांना खरंच ३५ इंचाचा टायर घालायचाय आणि बाकीचं सगळं बदलायची तयारी आहे.

प्रश्न: माझ्या पिकअपला पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन आहे, म्हणजे दोन्ही चाकं स्वतंत्र हलतात. स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकअपची एकत्र जोडी) वर बसणारा १ इंचाचा स्पेसर (ठोकळा) घेतला, मेकॅनिक म्हणतो गाडी दोन इंच उचलेल. एकाचे दोन कसे? आणि हे चालेल का?

उत्तर: मेकॅनिक बरोबर सांगतोय. स्ट्रट खालच्या आर्मवर चाकापाशी नसतो, आत कुठंतरी मधे असतो, त्यामुळे वरचा २५ मिमीचा स्पेसर चाकापाशी ४० ते ५० मिमी होतो, गाडीगणिक थोडं कमीजास्त. म्हणून दोन इंच हवेत म्हणून दोन इंची स्पेसर आणू नका, गाडी आभाळाकडे बघायला लागेल.

चालेल का, तर जपून. तुमच्या गाडीत पुढचा डिफ चेसिसला धरलेला असतो, लिफ्ट केली की तो वर जातो, पण चाकं खालीच, म्हणजे दोन्ही हाफ शाफ्ट (डिफकडून चाकाला जाणारे दांडे) तिरके होतात आणि त्यांच्या टोकांचे सांधे, म्हणजे सीव्ही जॉइंट, सतत जास्त कोनात फिरतात. त्यांवरचे रबरी बूट आधी फाटतात, ग्रीस उडतं, मग धूळ आत, मग वळताना टकटक. स्पेसरनं अख्खा स्ट्रट लांब होतो म्हणून चाक हवेत लोंबकळतं तेव्हा कंपनीनं ठरवलेल्या मर्यादेच्याही खाली जातं, वरच्या आर्मचा बॉल जॉइंट आणि सीव्ही दोघांची परीक्षा तिथं. स्पेसरऐवजी त्याच लांबीच्या स्ट्रटमध्ये उंच बसणारी स्प्रिंग टाकली तर ही मर्यादा जागेवर राहते पण दुसरीकडे किंमत मोजावी लागते: समजा चाकाचा एकूण प्रवास २०० मिमी, १०० वर १०० खाली, तर ५० मिमी लिफ्टनंतर खाली जायला ५० च उरले. मग खड्ड्यात चाक पोचत नाही, हवेत राहतं, आणि वेगात उंचवट्यावरून गेलं की ठक्क आवाज येतो.

साधारण ५० मिमी ही इंडिपेंडंटवाल्यांची शहाणी मर्यादा, आणि त्यासोबत वरचा कंट्रोल आर्म बदललेला बरा म्हणजे अलाइनमेंट नीट बसते. त्यापुढचे किट सबफ्रेमच (पुढचे आर्म आणि डिफ धरणारी चौकट) खाली आणतात, डिफही खाली. म्हणजे गाडी उंच दिसते आणि पुढचा डिफ नि सबफ्रेम जवळपास होते तिथंच. असं किट मी फक्त मोठ्या टायरसाठी समजू शकतो.

प्रश्न: किटवर '२ इंच' लिहिलंय. लावल्यावर पुढे तीन इंच गाडी वर गेली आणि मागे जेमतेम एक. फसवलं का?

उत्तर: बहुतेक नाही. तुम्ही आधी मोजलं होतं का, आणि कुठून? टायर बदलला, हवा कमी असली की जमिनीपासूनचं माप फसवतं, म्हणून चाकाच्या केंद्रापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत मोजायचं, चारही चाकांना, आणि कागदावर लिहून ठेवायचं. जुन्या स्प्रिंगा बसलेल्या असतात. त्या २० ते २५ मिमी बसल्या असतील तर किटचे ५० हे नव्या गाडीच्या उंचीवरून धरलेले, तुम्ही मोजताय बसलेल्या उंचीवरून, म्हणजे ७५ दिसणारच.

मागचं कोडं वजनाचं आहे. स्प्रिंग वजन बघून निवडायची असते: रिकामी गाडी, कायमचं थोडं वजन, कायमचं भरपूर वजन, असे वेगवेगळ्या ताठपणाचे प्रकार मिळतात. मागे ड्रॉवर, पाण्याची टाकी, जादा स्टेपनी असं कायम ठेवलं असेल आणि स्प्रिंग रिकाम्या गाडीची आणली असेल तर ती दबणार. उलट चूकही लोक करतात, कधीतरी वर्षातून एकदा सामान भरतो म्हणून जाड स्प्रिंग टाकतात आणि बाकी वर्षभर गाडी लाकडी पाट असल्यासारखी उड्या मारते. पुढे विंच आणि लोखंडी बंपर लावणार असाल तर ते आधी लावा, मग स्प्रिंग निवडा. आता तुमच्या बाबतीत मागच्या स्प्रिंगा वजनाप्रमाणे बदलून घ्या, पुढच्यांना थोडं चालवून बसू द्या आणि परत मोजा.

प्रश्न: सॉलिड एक्सल, ५० मिमी लिफ्ट. त्यानंतर स्टिअरिंग सरळ रस्त्यावर वाकडं राहतं, गाडी भटकते आणि वळणानंतर चाक आपोआप सरळ येत नाही. अलाइनमेंटवाला म्हणतो टो बरोबर आहे.

उत्तर: टो, म्हणजे चाकं पुढून किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत ते, बरोबर असेलच, बिघडलाय कॅस्टर. रेडियस आर्मवाल्या गाडीत चेसिस वर गेली की आर्म खाली झुकतात आणि एक्सलला पुढे फिरवतात, कॅस्टर कमी होतो, आणि चाकाला स्वतःहून सरळ यायला लावणारी गोष्ट तीच. ऑफसेट भोकाचे बुश किंवा आर्मचे ड्रॉप ब्रॅकेट लावून तो परत आणावा लागतो. अलाइनमेंटच्या प्रिंटवर कॅस्टरचा आकडा असतो, मागून घ्या, नुसतं 'ओके आहे साहेब' यावर परत येऊ नका.

स्टिअरिंग वाकडं आहे ते ड्रॅग लिंक (स्टिअरिंग बॉक्सकडून चाकाकडे जाणारा दांडा) लांब किंवा आखूड करून सरळ होतं. त्याआधी डाव्या आणि उजव्या टायरपासून मडगार्डपर्यंतचं आडवं अंतर मोजा, फरक असेल तर पॅनहार्ड रॉडनं एक्सल एका बाजूला ओढलाय, अ‍ॅडजस्टेबल रॉड लावून तो मधे आणा. पॅनहार्ड आणि ड्रॅग लिंक एकमेकांना समांतर राहिले पाहिजेत, एकाचा ब्रॅकेट बदलला आणि दुसऱ्याचा तसाच ठेवला तर प्रत्येक खड्ड्यात स्टिअरिंग हाताला झटका देणार. आणि कधी एका खड्ड्यानंतर पुढचं सगळं थडथडायला लागलं, थांबायचं नावच घेईना, तर वेग हळूहळू कमी करा आणि पॅनहार्डचे बुश, बोल्ट, बॉल जॉइंट तपासा. जाड स्टिअरिंग डँपर लावून ती थडथड दाबणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका.

प्रश्न: स्प्रिंगेला हात न लावता बॉडी लिफ्ट केली तर?

उत्तर: २५ मिमीपर्यंत वाईट नाही. बॉडी आणि चेसिसच्या मधे ठोकळे बसतात, सस्पेन्शनचे कोन जसेच्या तसे, टायरला जागा मिळते. पोट आणि ब्रेकओव्हर मात्र चेसिसवर ठरतं, तिथं शून्य फायदा. रेडिएटरचा फॅन आणि त्याचं कव्हर, स्टिअरिंगचा शाफ्ट, गिअर लिव्हर, पेट्रोल भरायचा पाइप हे सगळं तपासून घ्या.

प्रश्न: पाट्यांची (लीफ स्प्रिंगची) जुनी जीप आहे. शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला जोडणारी झुलती पट्टी) लांब करून उंची घ्यावी का?

उत्तर: शॅकल जेवढा लांब कराल त्याच्या निम्मी उंची मिळते, २ इंच लांब केला तर १. पुढे शॅकल पुढच्या टोकाला असेल तर कॅस्टर बिघडतो, आणि लांब शॅकल बाजूला लचकतो. पाटे बसले असतील तर नवा संच घाला, त्यातच गाडी बरीच वर येईल. एक्सल आणि पाट्याच्या मधे ठोकळा टाकायचा असेल तर फक्त मागे, पुढे कधीच नाही, ब्रेक मारल्यावर एक्सल पिळला जातो आणि ठोकळा निसटला तर स्टिअरिंगच हातात राहत नाही.

प्रश्न: गाडी अजून पूर्ण स्टॉक, म्हणजे कंपनीतून आली तशी आहे, ऑफरोड नुकतंच सुरू केलंय. लिफ्टपासून सुरुवात करू का?

उत्तर: टायर चांगले घ्या आणि हवा कमी करायला शिका, सोबत गेज आणि कंप्रेसर. अँटीरोल बार (वळणावर गाडी झुकू न देणारा दांडा) खोलता येत असेल तर खडकात तो सोडून बघा, चाकं केवढी खाली जातात ते कळेल, जीप रँग्लर रुबिकॉनमध्ये तर पुढचा बार बटणावर सुटतो ते त्याचसाठी. रस्त्यावर यायच्या आधी परत जोडायचा. गाडी कुठं कुठं घासते त्या जागांवर खडूनं खुणा करा, पुढच्या वेळी परत बघा. खुणा बंपरच्या खालच्या ओठावरच असतील तर बंपर बदलून काम होईल, मधल्या पोटावर असतील तर लिफ्ट. आणि लिफ्ट केलीतच तर हेडलाइट खाली करून घ्या, नोंदणी आणि विम्याला किती उंची चालते ते आधी विचारा, टायर मोठा घेतला तर स्पीडोमीटर कमी दाखवणार हे लक्षात असू द्या, २९ वरून ३१ ला सुमारे ७ टक्के.