दोघांनाही विचार

अनेक आशीर्वाद.

सहावी ते आठवीच्या मुलांची मैत्री आणि भावंडांचं नातं एकाच अभ्यासात घ्यायचं तुझं ठरलं आहे. प्रश्नावली छापायला टाकण्याआधी एक गोष्ट पक्की कर. नातं दोघांचं असतं. एकाच मुलाला विचारलंस तर त्याचं म्हणणं कळेल. ते खरंच असेल, पण तेवढ्यावर नात्याबद्दल बोलता येणार नाही.

आधी मैत्री. मुलांच्या हातात कोरा कागद देऊ नकोस. वर्गाची हजेरीपटाप्रमाणे पूर्ण यादी दे आणि नावांवर खुणा करायला सांग. कोऱ्या कागदावर बाकावर शेजारी बसणाराच आधी आठवतो. 'फक्त तीन नावं' अशी अटही नको. चौथी मैत्रीण राहून जाते आणि तिने हिचं नाव लिहिलं असेल तर ती जोडी हातची जाते. दोघांनी एकमेकांची नावं घेतली तरच ती परस्पर मैत्री धरायची.

इथे हजेरीचं गणित फार कडक आहे. 40 मुलांच्या वर्गात 780 जोड्या होतात. संमतीपत्रं 24 जणांचीच परत आली, तर दोन्ही बाजू कळतील अशा जोड्या उरतात 276, म्हणजे साधारण 35 टक्के. मुलं 60 टक्के, जोड्या मात्र 35! म्हणून संमतीपत्र दप्तरात चुरगळून पडणार हे धरूनच चाल आणि पालकसभेच्या दिवशी स्वतः शाळेत उभं राहा. जुलैतल्या मुसळधार पावसाचा दिवसही टाळ, निम्मा वर्ग घरीच असतो.

शिवाय कट्टी! सकाळी 'कट्टी फू' झालेली असेल तर दुपारी त्या नावावर खूण होणार नाही, आणि परवा बट्टी झालेली असेल. म्हणून दोन-तीन आठवड्यांनी तीच यादी पुन्हा दे. दोन्ही वेळा टिकलेली जोडी वेगळी मोज. वर्गाच्या यादीत बिल्डिंगमधले आणि क्लासमधले दोस्त येत नाहीत, त्यांच्यासाठी दोन मोकळ्या ओळी ठेव. त्या नावांची दुसरी बाजू मिळणार नाही, त्यामुळे ती परस्पर मैत्रीत मिसळू नकोस.

भावंडांचा भाग जास्त अवघड आहे, कारण आपली भाषाच आड येते. 'तुला भावंडं किती?' असं विचारलंस तर मूल चुलत, मामे, मावस सगळी मोजतं, आणि त्याच्या दृष्टीने ते चूकही नसतं. त्याऐवजी विचार, 'रात्री तुमच्या घरी कोण कोण झोपतं?' मग प्रत्येकाचं नातं लिही. गावी आजीकडे राहणारा सख्खा भाऊ यात सुटतो, म्हणून तो प्रश्न वेगळा. सख्खं-सावत्र मात्र पालकांनाच विचार.

फर्मन आणि बुअरमेस्टर या मानसशास्त्रज्ञांनी 1985 साली भावंडांच्या नात्याच्या चार बाजू मांडल्या: जिव्हाळा, भांडण, कोणाचं किती चालतं, आणि आई-बाबांच्या झुकत्या मापावरून होणारी चढाओढ. जिव्हाळा आणि भांडण ही एकाच काठीची दोन टोकं नाहीत. एकाच घरात दोन्ही भरपूर असू शकतं. एकातून दुसरं वजा करून 'नात्याचा गुण' काढलास तर नेमकं हेच पुसलं जाईल.

त्यांच्या इंग्रजी प्रश्नावलीचं भाषांतर करताना 'आदर' हा शब्द टाळ. 'ताईबद्दल आदर वाटतो का?' याला 'हो' म्हणणं हा आपल्याकडे शिष्टाचार आहे. 'भांडता का?' यालाही हसून 'रोज' एवढंच उत्तर येईल. मागच्या आठवड्यातलं एक भांडण धर: चार्जर, रिमोट की पंख्याखालची जागा? सुरुवात कशावरून झाली, कोण मध्ये पडलं, शेवटी कोणी सोडलं? नेहमी एकच जण सोडत असेल तर दुसरा शिकतो की आवाज चढवला की काम होतं. घरातली दमदाटी बरेचदा अशीच पक्की होत जाते.

225 किंवा 300 चौरस फुटांच्या घरात आईसमोर यातलं काहीच निघणार नाही. दोन भावंडांना एकाच वेळी, दोन वेगळ्या जागी विचारा: एकाला तू, दुसऱ्याला तुझ्या सोबतचं कोणी. नाहीतर पहिला बाहेर येऊन दुसऱ्याला उत्तरं सांगतो. एक सकाळच्या आणि एक दुपारच्या अधिवेशनात असेल तर शनिवार गाठ.

60 जोड्या पुष्कळ वाटतात. पण बहीण-बहीण, भाऊ-भाऊ, मोठी बहीण-धाकटा भाऊ, मोठा भाऊ-धाकटी बहीण असे चार गट पाडले की प्रत्येकी सरासरी 15 उरतात, आणि त्यावरून काही ठाम म्हणता येत नाही. माझं ऐकशील तर एकच गट घे. मोठी बहीण-धाकटा भाऊ घे; त्याला सांभाळायचं काम तिच्याकडे किती आहे, हा प्रश्न मुंबईत फार मोलाचा आहे. आकडे भरताना एका घराची एकच ओळ, तिची उत्तरं आणि त्याची उत्तरं शेजारी-शेजारी. 60 घरांची 120 स्वतंत्र मुलं करू नकोस, नसलेले फरक दिसायला लागतील.

आणि कोणत्याही मुलाला 'हे मी कुणालाच सांगणार नाही' असा शब्द देऊ नकोस. लैंगिक अत्याचाराची माहिती कळली तर ती पोलिसांना कळवणं 2012 च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. सुरुवातीलाच म्हण: 'तू सांगशील ते मी तुझ्या भावाला, आईला किंवा बाईंना सांगणार नाही. पण तुला कोणी इजा करत असेल, तर तुला मदत मिळावी म्हणून मला ते सांगावं लागेल.' 1098 हा मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा नंबर प्रत्येक मुलाला लिहून दे. मूल मान हलवेल तेवढ्यावर थांबू नकोस. त्याला काय कळलं ते त्याच्याच शब्दांत सांगायला लाव, आणि मगच पहिला प्रश्न विचार.