‘प्रत्यक्ष’ स्वभावचित्रण नेमके कोणते?

प्रश्न: पात्र आपल्यासमोर बोलते-वागते, तरी त्याला ‘अप्रत्यक्ष स्वभावचित्रण’ म्हणतात. लेखकाने ‘तो लोभी होता’ असे नुसते सांगितले, तर ते ‘प्रत्यक्ष’. हे उलटे नाही का?

उत्तर: उलटेच आहे, आणि दोष संज्ञेचा आहे. प्रत्यक्ष म्हणजे डोळ्यांसमोरचे. न्यायदर्शनात, म्हणजे भारतीय तर्कशास्त्राच्या परंपरेत, ज्ञानाची चार प्रमाणे (साधने) आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द. ‘तो लोभी होता’ हे आपण लेखकाच्या सांगण्यावरून मानतो, म्हणजे ते शब्दप्रमाण झाले. वागणे मात्र दिसते आणि त्यावरून स्वभाव ताडावा लागतो, ते अनुमान. मूळ इंग्रजी संज्ञेत (direct characterization) ‘थेट सांगितलेले’ एवढाच भाव होता. तिथे ‘प्रत्यक्ष’ बसवल्याने घोटाळा झाला. ‘कथित’ आणि ‘सूचित’ म्हटले की तो मिटतो.

सूचनेची ही युक्ती आपल्याकडे जुनी आहे. कालिदासाच्या ‘कुमारसंभव’ महाकाव्याच्या सहाव्या सर्गात अंगिरस ऋषी शंकरासाठी पार्वतीची मागणी घालतात, तेव्हा वडिलांच्या बाजूला असलेली पार्वती मान खाली घालून कमळाच्या पाकळ्या मोजत राहते. ‘लाजली’ असे कालिदास म्हणत नाही. संस्कृत काव्यशास्त्रकार आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त हाच श्लोक उदाहरणाला घेतला. पुढे मम्मट या दुसऱ्या काव्यशास्त्रकाराने ‘काव्यप्रकाशा’त रस किंवा भाव त्याच्या नावानेच सांगून टाकणे हा दोष मानला. (तिथे चर्चा भावाची आहे, स्वभावाची नव्हे, पण तत्त्व तेच.) ‘तो रागाने म्हणाला’ हे आजचे वाक्य त्याच दोषात सापडते.

आता खुद्द लेखनाकडे. ‘नानासाहेब चिक्कू होते’ हे कथित. ‘नानासाहेबांनी आलेले पाकीट उकलून उलटे केले आणि आतल्या कोऱ्या बाजूवर वाण्याचा हिशेब मांडला’ हे सूचित, पण अपुरे. एवढ्यावरून माणूस काटकसरी ठरेल, गरीबही ठरेल. चिक्कूपणा सिद्ध व्हायला दुसऱ्यासाठी पैसे सोडायची वेळ यावी लागते: गडी तापाने फणफणलाय आणि नानासाहेब फडताळातून मुदत उलटलेली गोळी काढून देतात. इथे थांबावे. बरेच नवे लेखक पुढे ‘असे ते चिक्कू होते’ जोडतात आणि वाचकाने स्वतः काढलेला निष्कर्ष त्याच्या हातून काढून घेतात.

दुसऱ्या पात्राचे मत हा अवघड प्रकार. ‘आमचे नाना म्हणजे देवमाणूस!’ हे वाक्य दिसायला कथित आहे. पण बोलणारा उसने पैसे मागायला आला असेल, तर त्यातून नाना कळत नाहीत, तोच कळतो.

मराठीत संबोधन हे फार मोठे साधन आहे. सासूला आयुष्यभर ‘अहो आई’ म्हणणाऱ्या सुनेच्या तोंडून भांडणात एकदाच ‘तुला काय कळतंय?’ निसटले, तर पानभर वर्णनाची गरज उरत नाही. बोलीचेही तसेच, पण फक्त गड्याच्याच तोंडी बोली घातली तर ती स्वभाव दाखवत नाही, नुसता शिक्का मारते.

कथित वाईट असते असे नाही. दोन ओळींपुरता येणारा पोस्टमन ‘आळशी’ म्हणून मोकळे व्हावे. त्याच्यासाठी प्रसंग रचला तर कथा रेंगाळते.

परीक्षेत मात्र रूढ संज्ञाच लिहा. तिथे निवेदकाचे विधान ‘प्रत्यक्ष’ आणि संवाद, कृती, विचार, पेहराव हे सगळे ‘अप्रत्यक्ष’ धरतात.