झाडावरचा फनेल-वेब कोळी

प्रश्न : ऑस्ट्रेलियातला फनेल-वेब कोळी जमिनीत बिळात राहतो असे वाचले होते. झाडावर राहणारी जातही आहे का? ती चावली तर काय करायचे?

उत्तर : आहे. हॅड्रोनिकी फॉर्मिडॅबिलिस ही जात आग्नेय क्वीन्सलंडपासून न्यू साउथ वेल्समधल्या हंटर नदीपर्यंतच्या जंगलांत आढळते. फनेल-वेब कोळ्यांत आकाराने हीच सर्वांत मोठी. पाय सोडून नुसते धड चार-पाच सेंटिमीटर भरते. खोडाच्या ढोल्या आणि कुजलेल्या फांद्यांची भोके ही हिची घरे, कधी जमिनीपासून 30 मीटर उंचीवरही. भोकाच्या तोंडापासून रेशमाचे ताठ धागे बाहेर पसरलेले असतात. भुंगेरा त्यांना अडखळला, की आत बसलेल्या कोळ्याला कंपनाने कळते. म्हणून असे धागे दिसले तर भोकात बोट किंवा काडी घालू नये.

नोंदलेल्या दंशांपैकी गंभीर विषबाधेचे प्रमाण या जातीत सिडनी फनेल-वेब या जमिनीत राहणाऱ्या जातीपेक्षा बरेच जास्त आहे. विष नसांमधल्या सोडियमच्या वाटा बंद होऊ देत नाही, त्यामुळे नसा सारख्या संदेश सोडत राहतात. ओठांभोवती मुंग्या, जिभेचे स्नायू फडफडणे, लाळ, घाम आणि वाढता रक्तदाब ही लक्षणे बहुधा अर्ध्या तासात सुरू होतात. पुढे फुप्फुसांत पाणी साचू शकते.

हाताला किंवा पायाला दंश झाल्यास लगेच 000 या ऑस्ट्रेलियातल्या आपत्कालीन क्रमांकाला फोन करावा. दंशाच्या जागी लवचीक पट्टी घट्ट गुंडाळावी. मग 10 ते 15 सेंटिमीटर रुंदीची दुसरी पट्टी बोटांपासून वर, जमेल तितका अवयव झाकत न्यावी. पट्टीखाली बोट सहज सरकले तर ती सैल आहे. नंतर अवयव हलू नये म्हणून फळी बांधावी आणि रुग्णाला एक पाऊलही चालू देऊ नये. हे विष लसिकावाहिन्यांतून (ऊतींमधला पातळ द्रव वाहून नेणाऱ्या नळ्यांतून) पसरते आणि स्नायू हलले की पुढे ढकलले जाते. नेमकी इथेच चूक होते, पट्टी उत्तम बांधतात आणि रुग्णाला गाडीपर्यंत चालवत नेतात. दोरीने आवळू नये, त्याने रक्तपुरवठाच तुटतो. रुग्णालयात प्रतिविष (विषावरचा उतारा) हाताशी येईपर्यंत पट्टी सोडू नये, नाहीतर अडवलेले विष एकदम अंगात जाते.

प्रश्न : प्रतिविष सिडनी फनेल-वेबच्या विषापासून बनते. ते या जातीवर चालते का?

उत्तर : चालते, दोन्हींची विषे तेवढी जवळची आहेत. ऑस्ट्रेलियन संशोधक स्ट्रुआन सदरलंड यांच्या गटाने केलेले हे प्रतिविष 1981 पासून वापरात आहे आणि सशांच्या रक्तातून मिळते. सशांना हे विष फारसे बाधत नाही, म्हणून त्यांच्यात प्रतिपिंडे (विषाला निष्प्रभ करणारी प्रथिने) तयार करता येतात. माणूस आणि माकडे मात्र त्याला फार संवेदनशील आहेत.