कूलरचा पंप नुसता घुरघुरतो, पाणी वर चढत नाही. नवीन घ्यावा का?

तुम्ही लिहिलंय की पंखा चालतो, पंप घुरघुरतो, पण ताट्या (कूलरच्या बाजूंना लावलेले गवताचे पडदे) कोरड्याच, आणि दुकानदार म्हणतो पंप जळला. थांबा जरा. जळलेला पंप सहसा आवाजच करत नाही. घुरघुरतोय म्हणजे त्याला करंट मिळतोय, बहुतेक आतली पाणी ढकलणारी पात्यांची चकरी अडकली आहे.

मी नागपुरात मानेवाड्याला राहतो. घरात दोन कूलर आणि पाणी बोअरचं. मागच्या मे महिन्यात, ऐन नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, माझ्याकडे हेच झालं. त्याआधीच्या दोन उन्हाळ्यांत असेच घुरघुरणारे दोन पंप मी भंगारवाल्याला देऊन टाकले होते. या वेळी दुकानात माल संपला होता म्हणून नाइलाजाने उघडून पाहिला.

सगळ्यात आधी प्लग उपसा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. जुन्या वायरिंगमध्ये बटण कधीकधी न्यूट्रलवर असतं आणि ते बंद असतानाही पंपापर्यंत करंट पोचलेला असतो. दर उन्हाळ्यात आपल्याकडच्या पेपरात कूलरचा शॉक लागून माणूस गेल्याची बातमी येतेच. लोखंडी बॉडी, ओली फरशी आणि टबात हात, एवढं पुरतं बाप्पा.

आता पंप बाहेर काढा. पुढची जाळी पेचकसाने उचकटा, आतलं छोटं झाकण काढा, की चकरी दिसते. ती धरून सरळ ओढा. थोडा जोर लागेल, कारण तिच्या मागे काळा लांबुळका चुंबक असतो आणि तो आत खेचतो. वायंडिंग, म्हणजे मोटरच्या तारेचं वेटोळं, वेगळं बंदिस्त असतं, त्यामुळे चकरी काढल्याने काही बिघडत नाही. माझ्या चुंबकावर पांढरा खरबरीत थर बसला होता आणि चकरीच्या मुळाशी ताटीचे तंतू रिळावर दोरा गुंडाळावा तसे घट्ट आवळलेले होते. कोमट पाण्यात चमचाभर लिंबूसत्व घालून अर्धा तास ठेवलं, जुन्या टूथब्रशने घासलं, झालं. परत बसवल्यावर चकरी बोटाने फिरवा. ती अडखळत फिरते ते चुंबकामुळे. आणि पाती सरळ का, तर ही मोटर कधी उजवीकडे सुरू होते, कधी डावीकडे!

मग बादलीत बुडवून चालवून बघा, अर्थात प्लग लावायचा तो हात पाण्याबाहेर काढल्यावर. बादलीत धार येते पण कूलरमध्ये येत नाही, तर दोष पंपाचा नाही. नळी कुठे दुमडली आहे का ते बघा. वरच्या पाइपाची भोकं झाडूच्या काडीने मोकळी करा. एकच ताटी कोरडी राहत असेल तर बहुतेक हेच कारण. टब रिकामा होऊन पुन्हा भरला असेल तर पंपात हवाही अडकते. प्लग काढून पंप पाण्यातच तिरपा करा, बुडबुडे निघून जातात.

चकरी मोकळी असूनही घुरघुर तशीच राहिली, किंवा वायरीला चीर दिसली, तर मात्र बदला. तीन-चारशे रुपयांसाठी जीव टांगणीला लावू नका. खोक्यावर किती फूट पाणी चढवतो ते लिहिलेलं असतं, ते तुमच्या कूलरच्या उंचीपेक्षा जास्त हवं. वायरीचा जोड पाण्याच्या पातळीच्या वरच ठेवा आणि प्लगकडे जाणारी वायर मध्ये थोडी खाली झुकू द्या, म्हणजे ओघळलेलं पाणी तिथेच टपकतं, प्लगमध्ये शिरत नाही. तीन पिनांचाच प्लग लावा आणि हिरवी (अर्थिंगची) वायर बॉडीला कसा. आमच्याकडे ती आधी मोकळीच लोंबत होती, टेस्टर लावला तर बॉडीवर दिवा लागायचा.

पाणी उडून जातं, क्षार टबातच राहतात. रोज वरून नुसतं भरत गेलात तर ते पाणी दाट होत जातं आणि पंप पुन्हा धरतो. म्हणून आठवड्यातून एकदा टब पूर्ण रिकामा करा, डेंग्यूच्या डासांसाठीही ते करावंच लागतं. आणि जूनमध्ये पाऊस लागला की कूलर झाकण्याआधी चकरी काढून धुऊन कोरडी करा. मी ती सुतळीने कूलरच्या जाळीलाच बांधून ठेवतो, नाहीतर होळीनंतर शोधत बसावं लागतं.