समतोल आला म्हणजे अभिक्रिया थांबली का?

प्रश्न : नायट्रोजन आणि हायड्रोजनपासून अमोनिया होण्याची अभिक्रिया व्युत्क्रमी, म्हणजे दोन्ही दिशांनी घडणारी, आहे आणि समतोल आल्यावर तिन्ही वायूंचे प्रमाण बदलत नाही, असे आम्ही अकरावीत शिकलो. तरीही अभिक्रिया चालूच असते, हे कशावरून म्हणायचे? शिवाय ही अभिक्रिया उष्मादायी असल्याने कमी तापमानाला अमोनिया जास्त मिळायला हवा. मग कारखान्यात ती साडेचारशे अंशांना का घडवतात?
– एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : पहिल्या शंकेचे उत्तर प्रयोगानेच मिळते. एका पात्रात नायट्रोजनसोबत हायड्रोजन आणि दुसऱ्यात नायट्रोजनसोबत तितकाच ड्यूटेरियम, म्हणजे हायड्रोजनचा जड समस्थानिक, घेऊन एकाच तापमानाला व दाबाला दोन्हीकडे समतोल येऊ द्यायचा आणि मग उत्प्रेरकासह, म्हणजे अभिक्रियेचा वेग वाढवणाऱ्या पदार्थासह, दोन्ही मिश्रणे एकत्र करायची. काही काळाने तपासल्यास अमोनियाचे एकूण प्रमाण होते तेवढेच भरते, पण हायड्रोजन आणि ड्यूटेरियम दोन्ही असलेले अमोनियाचे रेणूही त्यात सापडतात. जुने रेणू मोडून नवे जुळत राहिल्याखेरीज अशी सरमिसळ होणार नाही. दोन्ही दिशांचे वेग सारखे झालेले असतात, म्हणूनच बाहेरून काहीच घडत नसल्यासारखे दिसते.

आपली दुसरी शंका मला अधिक मोलाची वाटते, कारण पाठ्यपुस्तके बहुधा इथूनच घाईने पुढे सरकतात. तापमान किंवा दाब बदलला की तो बदल कमी करणाऱ्या दिशेने समतोल सरकतो, या ल शातेलिए यांच्या तत्त्वानुसार आपले म्हणणे अगदी बरोबर आहे. मात्र समतोल कुठे येईल एवढेच ते तत्त्व सांगते, तो येण्यास किती वेळ लागेल हे सांगत नाही. नायट्रोजनच्या रेणूतील तिहेरी बंध इतका मजबूत असतो की कमी तापमानाला अमोनिया अतिशय संथपणे तयार होतो, आणि कारखान्याला तो तासातासाला हवा असतो. म्हणून ४०० ते ५०० अंश सेल्सिअस तापमान ठेवून काही उत्पन्नावर पाणी सोडले जाते. चार रेणूंपासून दोनच रेणू होत असल्याने दाब वाढवून त्यातले बरेचसे भरून काढता येते. फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ मध्ये हे प्रयोगशाळेत दाखवले, तर कार्ल बॉश यांनी इतका दाब सोसणारी यंत्रसामग्री घडवल्यावर १९१३ मध्ये जर्मनीतील ओपाऊ येथे कारखाना सुरू झाला. आपल्याकडे अलिबागजवळच्या थळ येथे युरियासाठी लागणारा अमोनियाही याच अभिक्रियेने तयार होतो.

एवढे करूनही एका फेरीत वायूंचा लहानसा भागच अमोनियात रूपांतरित होतो. बाहेर पडणारे मिश्रण दाबाखालीच थंड केले की अमोनियाचा द्रव होऊन तो वेगळा काढता येतो, आणि वायुरूपातच राहिलेले नायट्रोजन व हायड्रोजन पुन्हा उत्प्रेरकावरून फिरवले जातात. लोहाचा हा उत्प्रेरक दोन्ही दिशांचा वेग सारख्याच पटीने वाढवतो, त्यामुळे समतोलातील अमोनियाचे प्रमाण त्याने तसूभरही वाढत नाही. मात्र तो नसता, तर पुरेसा वेग मिळवण्यासाठी तापमान इतके चढवावे लागले असते की समतोलात अमोनिया जवळजवळ उरलाच नसता.