महाग साबण की स्वस्त सॉफ्टवेअर?

प्रश्न : मी ६१ वर्षांची निवृत्त शिक्षिका आहे. यजमानांनी १९९८ साली घेतलेले हिंदुस्तान युनिलिव्हरचे शेअर आता माझ्या नावावर आहेत. ते विकून स्वस्तात मिळणारे आयटी कंपन्यांचे शेअर घ्यावेत, असे मुलगा म्हणतो. साबण-चहा विकणारी भरवशाची कंपनी सोडून हा धोका पत्करावा का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आपली कंपनी भरवशाची आहे, यात शंका नाही, मात्र धंदा भरवशाचा असला म्हणून त्याच्या शेअरचा कोणताही भाव भरवशाचा ठरत नाही. २००० साली या कंपनीचा (तेव्हाच्या हिंदुस्तान लिव्हरचा) जो भाव होता, त्याच्याच आसपास तो २०१० मध्येही होता. या दहा वर्षांत साबण खपत होता, नफा वाढला, लाभांशही मिळत राहिला, पण सुरुवातीलाच फार मोठी किंमत मोजलेली असल्याने भांडवल जागचे हलले नाही. एका शेअरमागच्या वार्षिक नफ्याच्या ६० पट भावाने शेअर घेणारा शंभर रुपयांमागे जेमतेम पावणेदोन रुपयांचा नफा विकत घेतो. २० पटीने घेणाऱ्याच्या वाट्याला पाच रुपये येतात.

मुलाचे म्हणणे येथवर बरोबर आहे. तथापि, भाव पडला म्हणजे शेअर स्वस्त झाला, असे मी मानत नाही. मार्च २००० मध्ये इन्फोसिसचा भाव नफ्याच्या दोनशे पटींच्या वर होता. तो निम्म्यावर आल्यावर ज्यांनी ‘स्वस्त’ म्हणून घेतला, त्यांनीही शंभर पट मोजलेच. आज या कंपन्यांचे बरेचसे उत्पन्न अमेरिकी ग्राहकांकडून येते आणि कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे त्यांच्या कामाचे दर किती उतरतील, ही भीती भावात उतरलेली आहे. म्हणून वार्षिक अहवालातील रोख प्रवाहाचे पान उघडून पाच वर्षांचा निव्वळ नफा आणि कामकाजातून प्रत्यक्ष आलेली रोकड शेजारी-शेजारी लिहून काढावी. रोकड नफ्याच्या बरोबरीने येत असेल आणि डोक्यावर कर्ज नसेल, तरच त्या स्वस्ताईला काही अर्थ आहे.

आपल्या वयाला सगळे शेअर विकणे मला पटत नाही. ज्या रकमेची पुढची पाच वर्षे गरज पडणार नाही, तेवढ्याच रकमेचे शेअर विकून आयटीकडे वळवावेत, फार तर एक तृतीयांश. शेअर विकून झालेल्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर २३ जुलै २०२४ पासून साडेबारा टक्के कर आहे, पण आर्थिक वर्षातील पहिल्या सव्वा लाखाच्या नफ्यावर तो लागत नाही. शिवाय आपल्यासारख्या जुन्या शेअरांसाठी ३१ जानेवारी २०१८ चा भाव साधारणपणे खरेदीची किंमत म्हणून धरता येतो. काही शेअर मार्चमध्ये आणि काही एप्रिलमध्ये विकल्यास सव्वा लाखाची सवलत दोनदा मिळेल.