बाळ बारा दिवसांचं आहे आणि मी नुसता उभा असतो

"बायको दिवसरात्र पाजत असते. संध्याकाळी तर बाळ तासाभरात तीनदा मागतं. माझी आई म्हणते, दूध पुरत नाही, वरचं सुरू करा. मी म्हटलं, रात्री एकदा मी बाटलीने पाजतो, तू झोप. तर ती रडायलाच लागली. माझं काय चुकलं?
– बिनकामाचा बाप"

आधी ती सही खोडा. तुम्हाला तिच्या झोपेची काळजी वाटली, ते बरोबरच होतं. उपाय मात्र चुकला. बाळ जितकं ओढतं तितकं दूध तयार होतं, आणि छातीत साठून राहिलं की बनणं मंदावतं. दूध बनवणारं संप्रेरक रात्री जास्त असतं, म्हणून रात्रीचं पाजणं या दिवसांत फार मोलाचं. ते चुकवलं तर छाती दगडासारखी होते, ठणकते आणि ती जागी होतेच. शिवाय दिवसभर "पुरत नाही" ऐकणाऱ्या बाईला बाटलीचं नाव काढलं की तुम्हीही तेच म्हणताय असं वाटतं.

दूध पुरतंय की नाही, हे छातीकडे बघून किंवा रडण्यावरून ठरत नाही. लंगोट मोजा. पाचव्या दिवसानंतर 24 तासांत निदान 6 वेळा भरपूर शू आणि तीन-चार वेळा पिवळी, पातळ शी व्हायला हवी. डायपर ओला झालाय की नाही कळत नसेल, तर कोऱ्या डायपरमध्ये तीन मोठे चमचे पाणी ओता आणि हातात वजन घेऊन बघा; साधारण तेवढा जड हवा. जन्मानंतर वजन थोडं उतरतं आणि दोन आठवड्यांपर्यंत भरून येतं. हे सगळं ठीक असेल तर संध्याकाळचं सारखं मागणं उपासमारीचं नाही. या वयाची बाळं दिवसातून 8 ते 12 वेळा पितात आणि त्यातल्या बऱ्याच वेळा संध्याकाळी एकावर एक येतात. शू कमी, गडद पिवळी, किंवा बाळ प्यायलाही उठत नसेल, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर.

आता रात्र. बाळ रडेपर्यंत थांबू नका. मान वळवून तोंड उघडणं, मूठ चोखणं ही भुकेची पहिली खूण. रडायला लागलं की ते नीट धरत नाही. खूण दिसताच तुम्ही उठा, लंगोट बदला आणि बाळ तिच्याकडे द्या. पाठीला आणि कोपराखाली उशी, हाताशी पाणी. मग मंद दिव्यात वाकून बघा, कारण बाळाचं तोंड खालून कसं लागलंय ते तिला दिसत नाही. हनुवटी छातीत रुतलेली, नाक मोकळं, खालचा ओठ बाहेर वळलेला, आणि बोंडीभोवतीचा काळा भाग वरच्या ओठाकडे जास्त दिसणारा, असं हवं. टकटक आवाज येत असेल, गालांना खळ्या पडत असतील किंवा पिऊन झाल्यावर बोंडी चपटी निघत असेल, तर बाळाने नुसतं टोक धरलंय. चिरा पडतात त्या बहुतेक यानेच. स्वच्छ बोट बाळाच्या ओठाच्या कोपऱ्यातून आत सरकवा, पकड सुटेल, मग पुन्हा लावा. डोकं मागून दाबू नका, बाळ उलट मागे झटकतं. आधार मानेला आणि खांद्यांना द्या.

एका बाजूला पिता पिता पेंगलं तर दुसऱ्या बाजूला लावण्याआधी लंगोट उघडा, जागं होईल. शेवटी ढेकर तुम्ही काढा: खांद्यावर उभं धरून दहा मिनिटं. नाही आला तरी हरकत नाही. मग कडक, सपाट गादीवर पाठीवर झोपवा. डोळे मिटत असतील तर बाळाला घेऊन सोफ्यावर बसूच नका. तिथे डोळा लागला तर बाळ गुदमरू शकतं.

संध्याकाळी पाजून झालं की बाळाला फक्त लंगोटावर तुमच्या उघड्या छातीवर घ्या, वरून दुपटं. बाळ शांत होतं, आणि तिला सलग दोन तास मिळतात. जेवण, कपडे, फोन, भेटायला येणारे, हे सगळं तुमच्याकडे. त्यासाठी तिला विचारत बसू नका.

बाटलीची हौस असेल तर साधारण चार आठवडे थांबा, पाजणं रुळू द्या. मग तिचंच काढलेलं दूध द्या. ते 25 अंशांपर्यंतच्या खोलीत 4 तास, फ्रिजमध्ये आत मागच्या बाजूला 4 दिवस टिकतं. कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवून गरम करा. मायक्रोवेव्हमध्ये एखादा घोट पोळण्याइतका तापतो.

तिच्याकडेही लक्ष ठेवा. छातीवर लाल, गरम, दुखरा पट्टा आणि ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, पण पाजणं थांबवू नका. पहिल्या दोन आठवड्यांत रडू येणं नेहमीचं. ते त्यापुढे टिकलं, किंवा बाळ झोपलं तरी तिला झोप लागेना, तर डॉक्टरांशी बोला. "मी नसलेली बरी" असं ती कधीही म्हणाली, तर तिला एकटं सोडू नका आणि तेव्हाच मदत मिळवा. बाळाचा ताप 38 अंश सेल्सिअस (100.4 फॅरनहाइट) किंवा जास्त भरला तर एक मिनिट थांबू नका.

आईंशी वाद घालू नका, लंगोटांची वही दाखवा. चौदाव्या दिवशी बाळाचं वजन करून आणा. आकडा आधी बायकोला सांगा, मग आईला.